अख्खा पाल्मिरो

अनारकुलला विचाराल, तर पाल्मिरो कोकसाय गावात आला त्या दिवशी इसिक-कुल सरोवरावरचा वारा पडला. मेंढ्यांनी रवंथ थांबवलं. शेजारच्या सादिर म्हाताऱ्याचा कुत्रा स्वतःच्या सावलीवरही भुंकायचा. पण त्या दिवशी जोल्दोशकाकाचा ट्रक आला तसा तो बाजूला सरकला आणि शाळा तपासायला साहेब आल्यासारखा मान खाली घालून उभा राहिला. काका खाली उतरला. त्याच्या कोटाच्या खिशातून असा काही सोनेरी उजेड बाहेर आला, की कोंबडा भर दुपारी आरवला आणि खुराड्यातल्या दोन कोंबड्यांनी घाईघाईने अंडी घातली. नऊ वर्षांची अनारकुल ते तेज सहन न होऊन जागच्या जागी बेशुद्ध पडली.

तिची आई, म्हणजे आपा, म्हणते, बेशुद्ध वगैरे काही नाही. पोरगी उंबऱ्यात बसून नाक पुसत होती, आणि पुसत नसली तर पुसायला हवं होतं.

एवढं मात्र दोघींनाही मान्य आहे, की ते चलनाचं नाव बदललं ते वर्ष होतं, १९९३. रूबल गेले होते, सोम आले होते, दुकानात दोन्ही देऊन फारसं काही मिळत नव्हतं. अशा दिवसांत जोल्दोशकाकाने बिश्केकच्या बाजारातून घरासाठी एक पाल्मिरो आणला होता. एक म्हणजे एकच. वीतभर लांब, आत शेंगदाणे आणि चिकट कॅरमल, वरून चॉकलेट, आणि त्यावर सोनेरी कागद. कागदावर एक उंट आणि एक खजुराचं झाड.

"हे काय, वीज पडलेलं पॉपलरचं झाड?" सादिर म्हाताऱ्याने खजुरावर बोट ठेवून विचारलं. तो नुसती काडेपेटी मागायला आला होता, आणि कोकसायात काडेपेटी मागायला आलेला माणूस जेवण होईपर्यंत उठत नाही.

पाल्मिरो जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर मधोमध ठेवला गेला. भोवती अकरा माणसं बसली. सगळ्यांनी हात धुतले. आणि प्रश्न आजोबांच्या, म्हणजे चोंगातांच्या पुढ्यात आला.

चोंगाता किदिराली हे कोकसायातले वाटणीचे जाणकार. गावात मेंढी कापली की कोणतं हाड कोणाच्या पुढ्यात जाणार, हे ते सांगायचे. कमरेचं हाड सगळ्यात वडील पुरुषाला. शेपटीकडचं वडील बाईला. मांडीचं त्या खालोखालच्याला. डोकं पाहुण्याला, आणि पाहुण्याने त्या डोक्याचा कान कापून घरातल्या धाकट्या पोराला द्यायचा, म्हणजे पोर मोठ्यांचं ऐकतं. चुकीचं हाड चुकीच्या माणसापुढे गेलं म्हणून दोन घरांचं चौदा वर्षं बोलणं बंद होतं. ती दोन्ही घरं चोंगाता जाता-येता लोकांना दाखवत, जशी इतर गावांत पुढाऱ्यांची स्मारकं दाखवतात.

त्यांनी पाल्मिरो हातात घेतला, वजन पाहिलं, उलटा केला, सुलटा केला, दोन्ही टोकांना दाबून पाहिला.

"जोल्दोश, याचं डोकं कुठल्या बाजूला?"

"बाबा, हे चॉकलेट आहे. याला डोकं नसतं."

"डोकं नसलेलं जनावर या दस्तरखानाशी आजवर आलेलं नाही," चोंगाता म्हणाले, आणि मुलाकडे पाहून क्षणभर थांबले. "म्हणजे, कापायला आलेलं नाही."

शेवटी अक्षरं जिथून सुरू होतात ते डोकं, असं ठरलं. उंटाचं तोंडही त्याच बाजूला होतं, त्यामुळे कोणाचीच हरकत राहिली नाही. चोंगातांनी सुरीला धार लावली. कागद सोलून, घडी करून गुडघ्याखाली ठेवला. मग डोक्याकडचा तुकडा पाहुण्याला, म्हणजे काडेपेटीवाल्या सादिरला. मधला, ज्यात शेंगदाणे जास्त होते, तो कमरेचा भाग म्हणून स्वतःला. शेपटीकडचा आजीला. बाकीचे तुकडे वयाने उतरत गेले आणि जाडीनेही उतरत गेले. जोल्दोशच्या बायकोच्या वाट्याला आलेल्या चकतीतून पलीकडची खिडकी दिसत होती. दहा तुकडे झाले आणि पाल्मिरो संपला.

अनारकुल अकरावी होती. ती काळजीत नव्हती. धाकट्याला काय मिळतं ते तिला माहीत होतं. ती सादिर म्हाताऱ्याकडे बघत राहिली. सादिरलाही आपलं कर्तव्य माहीत होतं. त्याने आपला तुकडा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला, प्रामाणिकपणे शोधला, आणि मग खाऊन टाकला.

"चोंगाता, माझा कान?"

"याला कान नाहीत, बाळा."

"मग मला काय?"

चोंगातांनी दाढी कुरवाळली. नवीन जनावर होतं, आज जे ठरेल ते पुढच्या पिढ्यांना लागू होणार होतं. "कान म्हणजे तरी काय असतं?" ते म्हणाले. "शेवटी कातडंच." आणि गुडघ्याखालचा सोनेरी कागद काढून त्यांनी तिच्या हातात दिला.

सगळ्यांनी माना डोलावल्या. निवाडा चोख होता. कागदाला आतून चॉकलेट चिकटलं होतं, घडीत अर्धा शेंगदाणा होता. अनारकुलने तो कागद इतका चाटला, की उंटाचा रंग उडाला. तिथे, उडालेल्या उंटाकडे बघत, तिने ठरवलं, की आयुष्यात एकदा तरी अख्खा पाल्मिरो खायचा. न कापलेला. एकटीने. डोक्यापासून शेपटीपर्यंत.

कोणी म्हणेल, यात काय मोठं? पुढे दोन वर्षांत गावच्या दुकानातही पाल्मिरो आले. पण अडचण पाल्मिरो मिळण्याची नव्हती. अडचण जिभेची होती.

कोकसायात खाणाऱ्यासमोर माणूस आला, की खाणाऱ्याने म्हणायचं, "या, तोंड लावा." आणि आलेल्याने तोंड लावायचं. घाई असो, पोट भरलेलं असो, बायको बाळंत होत असो, चिमूटभर पाव तरी जिभेवर ठेवून मगच पुढे जायचं. न लावता गेला तर त्या घराचं अन्न झिडकारलं असं होतं. हे वाक्य म्हणताना कोणी विचार करत नाही. ते शिंकेसारखं येतं. दाबायला गेलं तर जास्त जोरात येतं.

अनारकुल अकरा वर्षांची असताना जर्दाळूच्या हंगामात बादली घेऊन रस्त्याकडेला बसली होती. काराकोलहून येणारी बस थांबली. ड्रायव्हरने काचेतून मुंडकं बाहेर काढलं.

"गोड आहेत का गं?"

"खाऊन बघा. तोंड लावा."

ड्रायव्हरने तोंड लावायला सात जर्दाळू घेतले. मग म्हणाला, "सुटे नाहीत. हे चालेल?" आणि समोरच्या फळीवरून त्याने एक पाल्मिरो उचलला. अनारकुलने बादलीभर जर्दाळू त्याच्या पायापाशी ओतले, आणि तो विचार बदलेल या भीतीने रिकामी बादली हलवत अशी पळत सुटली, की बसमधल्या लोकांना वाटलं पोरीने ड्रायव्हरला फसवलं.

आता जागा हवी होती. घरी दहा माणसं. वाडीत शेजारची बातमा आजी पडलेले जर्दाळू वेचत होती; ती वाकलेली असली तरी तिला मागचं दिसतं अशी ख्याती होती. सरोवराच्या काठाला पोरं. शेवटी अनारकुलला सुचलं: टेकडीवरचं कब्रस्तान. तिथली माणसं तोंड लावण्याच्या पलीकडे गेलेली.

ती एका मोठ्या थडग्याच्या सावलीत बसली. बाहीतून पाल्मिरो काढला. जरा मऊ झाला होता, पण अख्खा होता. कागद अर्धा सोलला, तोंड उघडलं, आणि थडग्यामागून सादिर म्हातारा उभा राहिला. तो बायकोच्या थडग्याचं कुंपण नीट करायला आला होता.

"तोंड लावा, सादिरबाबा," अनारकुल म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण म्हणालो.

"मला कुठे भूक आहे," सादिर म्हणाला, आणि डोक्याकडून तिसरा हिस्सा नेला. "हाताचा अंदाज चुकला बघ. नजर अधू झालीये." मग त्याने टेकडीच्या उतारावर चाललेल्या दोन बायकांना हाक मारली. "अगं, इकडे या. किदिरालीची नात खाऊ वाटतेय."

"कशाबद्दल वाटतेय?" एकीने धापा टाकत विचारलं.

"कशाबद्दल का असेना. मेलेल्यांना पुण्य."

बायकांनी तोंड लावलं, सगळ्या मृतांसाठी हात चेहऱ्यावरून फिरवले आणि पोरीचं कौतुक करत उतरून गेल्या. अनारकुलच्या हातात कागद राहिला.

त्या संध्याकाळी तिने चोंगातांना विचारलं, "'तोंड लावा' न म्हणता कुणी खाल्लं, तर काय होतं?"

"असं कोण खाईल?"

"समजा कुणी खाल्लं."

"समजायचं कशाला? असं कुणी नसतंच."

"समजा, रशियन."

चोंगातांनी बराच विचार केला. "ते मनातल्या मनात म्हणतात," ते म्हणाले.

पुढे ती काराकोलला नर्सिंग शिकायला गेली. वसतिगृहाच्या खोलीत आठ मुली होत्या. तिथे अनारकुलचा हात पाल्मिरो कापण्यात इतका बसला, की आठ चकत्या एका वजनाच्या निघत. औषधांच्या तराजूवर पैज लावून खात्री झाली होती. शिकवणाऱ्या बाईंनी तिच्या टाक्यांचं कौतुक केलं, तेव्हा तो हात कशावर तयार झालाय हे तिने सांगितलं नाही.

परत येऊन ती कोकसायच्या दवाखान्यात नर्स झाली. दोन खोल्या, एक चूल, वजनकाटा, औषधांचं कपाट. दुकान समोरच. ती रोज एक पाल्मिरो घ्यायची आणि कपाटाआड बसून कागद सोलायची. कागदाचा आवाज झाला, की दार वाजायचं. अंगठा कापलेला सुतार. गालगुंड झालेला पोरगा. रक्तदाब नसलेल्या, पण तो आहे अशी आशा बाळगून असलेल्या चार म्हाताऱ्या. "तोंड लावा," अनारकुलची जीभ म्हणायची. एका महिन्यात गावभर झालं, की नव्या नर्सकडे सुईआधी गोड मिळतं. रुग्णांची संख्या दुप्पट झाली. जिल्ह्याच्या कचेरीतून कौतुकाचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, की आरोग्याबद्दल जनजागृती करावी तर अशी. ते पत्र भिंतीवर लागलं. अनारकुल त्याच्याखाली बसून कागद चाटायची.

आपाची काळजी वेगळी होती.

"चोवीस झाली," ती म्हणायची. "तुझ्या वयाला मला तीन पोरं होती."

"तू नवव्या इयत्तेत शाळा सोडलीस, आपा."

"सोडली म्हणूनच झाली ना."

स्थळं आली. पहिला मुलगा दिसायला चांगला, गुरांचा डॉक्टर. पहिल्याच भेटीत त्याने जर्दाळूचा मुरांबा पावाला न लावता चमच्याने खाल्ला, तोही अर्धी बरणी. अनारकुलने नाही सांगितलं. दुसऱ्याने खिशातून तिच्यासाठी पाल्मिरो काढला, आणि बोलता बोलता स्वतःच संपवला. त्यालाही नाही. आपाने शेजारीपाजारी सांगून ठेवलं, की मुलीला शिकवू नये.

तिसरा स्थळ म्हणून आलाच नाही. तो मीटर बघायला आला. सुयुंबेक त्याचं नाव. वीज खात्यात तारा ओढायचा, खांबावर चढायचा. दवाखान्यातला दिवा लुकलुकत होता. तो आला तोवर दोन रुग्ण होऊन गेले होते आणि अनारकुलच्या हातात बोटभर पाल्मिरो उरला होता. जिभेने आपलं काम केलं.

"तोंड लावा."

"नको," सुयुंबेक म्हणाला. "मी गोड खात नाही."

अनारकुलच्या हातातला कागद वाजायचा थांबला. कोकसायात हे वाक्य याआधी कोणी बोललेलं नव्हतं. सुयुंबेकने फळीवरच्या पावाचा चिमूटभर कपचा काढून तोंडात टाकला, म्हणजे रीतही राहिली, आणि तो शिडी लावून वर चढला. अनारकुलने त्याच्यासमोर तो बोटभर तुकडा खाल्ला. कोणी मागितला नाही, कोणी हात पुढे केला नाही. मग तिने शिडीवरच्या माणसाकडे नीट पाहिलं. कान जरा बाहेर आलेले होते. पाठ रुंद होती. खिशात नट पिळायचे तीन पाने होते.

दिवा पुढच्या दोन महिन्यांत पाच वेळा बिघडला. दर वेळी सुयुंबेक आला आणि दर वेळी परीक्षा झाली.

"मध घ्या, खांबावर चढून थकलात."

"नको."

"मुरांबा? घरचा आहे."

"गोड नको."

"अगदी जरासा? बोटावर?"

"जिभेवरसुद्धा नको," सुयुंबेक म्हणाला, आणि गालाला हात लावून खिडकीबाहेर पाहू लागला. अनारकुलला ते लाजणं वाटलं.

घरी सांगितलं तेव्हा आपा पीठ मळत होती.

"दारू पितो?"

"नाही."

"मांस खातो ना?"

"खातो."

"मग गोडच का नाही खात? काहीतरी दुखणं असणार."

"आपा, मी नर्स आहे."

"नर्स आहेस म्हणून सांगते. धडधाकट माणूस गोड सोडत नाही. तुझ्या बापाने मरायच्या आदल्या दिवशी साखर मागितली होती."

"हा दोष नाही, आपा. हा गुण आहे."

"गुण असता तर त्याच्या आईने आधी सांगितला असता," आपा म्हणाली आणि पीठ आपटलं. पण तिने होकार दिला. चोंगाता आणि आजीच्या माघारी घरात मोठी तीच होती, आणि पंचविसावं वर्ष उंबऱ्यावर आलं होतं.

एप्रिलमध्ये लग्न झालं. लग्नासाठी कापलेल्या घोड्याचे वाटे झाले, कोणी रुसलं नाही. सासरी जाताना अनारकुलने दुलयांच्या पेटीत, अगदी तळाशी, एक पाल्मिरो ठेवला. तिचा हिशेब सोपा होता. दोघांचं घर. त्यातला एक गोड खात नाही.

पण नव्या नवरीचं घर पहिले काही आठवडे तिचं नसतं. चुलते आले, चुलत्यांचे व्याही आले, सैन्यातले मित्र आले, सासूच्या वर्गात शिकलेल्या एका बाईच्या नणंदा आल्या. अनारकुल खाली मान घालून चहा ओतत होती. अर्धी वाटी ओतायची, कारण भरून ओतली तर पाहुण्याला उठवल्यासारखं होतं, आणि अर्धी ओतली की पाहुणे उठत नाहीत. पेटीवरच्या दुलया रोज निघत, रोज पुन्हा रचल्या जात. रोज एकदा ती तळाशी हात घालून बघायची. पाल्मिरो होता.

सहाव्या आठवड्यातल्या मंगळवारी नारिनहून आलेली शेवटची मावशी परतीच्या बसमध्ये बसली. सासूबाई तिला पोचवायला गेल्या आणि वाटेत कुठेतरी चहाला थांबल्या असणार. घर रिकामं झालं. बाहेर ऊन होतं. अनारकुलने दस्तरखान अंथरला, हात धुतले, पेटी उपसली आणि पाल्मिरो समोर ठेवला. सुरी आणली नाही. कागद हळूहळू, डोक्यापासून शेपटीपर्यंत पूर्ण काढला. इतक्या वर्षांत तिने उघडा, अख्खा पाल्मिरो निवांत पाहिला नव्हता. वर नक्षी होती, लाटांसारखी. कापताना ती कोणाला दिसलीच नव्हती.

दार उघडलं आणि सुयुंबेक जेवायला आला.

अनारकुल दचकली नाही. उलट हसली. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य तिच्या जिभेवर आपोआप आलं नाही. तिने ते मुद्दाम, सावकाश, मजा घेत म्हटलं.

"या. तोंड लावा."

सुयुंबेकने बूट काढले. हात धुतले. तिच्यासमोर मांडी घालून बसला, पाल्मिरो उचलला, मधोमध मोडला आणि अर्धा तोंडात घातला.

"छान आहे," तो म्हणाला.

"तुम्ही गोड खात नाही ना?"

"खात नव्हतो," सुयुंबेक म्हणाला, आणि दुसऱ्या अर्ध्याकडे पाहिलं.

त्याची डावीकडची खालची दाढ किडली होती. मागच्या आठवड्यात तारेचं भेंडोळं आणायला तो बालिक्चीला गेला होता, तेव्हा त्याने ती तिथल्या दवाखान्यात काढून घेतली होती.